कुठे उतरलात?

मुंबईला जाऊन आलेल्या माणसाला आमच्या सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठं उतरला होता?" काय बघितलं, गाडीला गर्दी किती होती, हे सगळं नंतर. आधी उतरायची जागा. आणि उत्तरात नेहमी एखादं माणूस असतं. थोरल्या आत्याकडं. मेहुण्याकडं. शेजारच्या काकूंच्या जावयाकडं. माझ्या आईने पन्नास वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर दिलं, "दादाकडं, लालबागला."

२०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली आणि तीन दिवसांची सुट्टी जुळली. मुलाला पेंग्विन बघायचे होते, बाबांना सत्तरी उलटल्यावर एकदा निवांतपणे मुंबई बघायची होती. मी सीएसएमटीपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका हॉटेलात दोन रात्रींसाठी दोन खोल्या बुक केल्या आणि मगच आईला सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तिने ते होऊच दिलं नसतं.

"म्हणजे लॉजवर?" ती म्हणाली.

मी हॉटेल म्हटलं तरी तिला लॉजच ऐकू आलं. तिच्या पिढीच्या हिशेबात लॉजवर कोण उतरतं, तर कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं, फिरतीवरचे विक्रेते आणि ज्यांचं त्या गावात कुणीच नाही असे लोक. आपलं माणूस गावात असताना पैसे मोजून झोपायला जागा घ्यायची म्हणजे त्या माणसाला परकं करायचं. मामा जाऊन आठ वर्षं झाली होती. चाळ पुनर्विकासाला गेली होती आणि मामी मुलाकडे, बदलापूरला भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहत होती. तिथे आम्ही सगळे कसे जाणार, हे आईला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी दोन दिवस ती अधूनमधून एवढंच म्हणायची, "वैनींना काय सांगू?"

मामाची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून चौथी. दहा बाय बाराची. दारातून आत गेलं की डावीकडे मोरी, उजवीकडे ओटा, भिंतीला लोखंडी कॉट आणि वर पोटमाळा. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याला मिळून. मामा गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगारांबरोबर तोही बाहेर पडला आणि पुन्हा कधी साच्यावर उभा राहिला नाही. पुढे त्याने वॉचमनची नोकरी केली, पण घर चाललं ते मामीच्या डब्यांवर. संपाआधी ती गिरणीतल्या एकट्या गड्यांची खाणावळ चालवायची, संपानंतर ऑफिसांत डबे द्यायला लागली. त्या खोलीत दर मे महिन्यात आम्ही चौघं वळकट्या आणि शेंगाचटणीचे डबे घेऊन उतरायचो. आमच्या आधी कुणीतरी येऊन गेलेलं असायचं आणि आमच्यानंतर कुणीतरी यायचं असायचं. मुलाखतीला आलेला पुतण्या, केईएममध्ये दाखवायला आणलेली कुणाची सासू, गणपती बघायला आलेलं अख्खं बिऱ्हाड.

पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि तासाभरात जायचं. मामी उठायची, तिच्या पाठोपाठ आई. पाहुणी म्हणून आली असली तरी दुसरी बाई पाणी भरतेय आणि आपण पडून राहायचं, हे आईला जमायचं नाही. "वन्सं, तुम्ही झोपा की," असं म्हणत म्हणत मामी तिच्या हातात कळशी द्यायची. मी पोटमाळ्यावर जागी असायचे. पिंप रिकामं असताना पाण्याचा आवाज घुमायचा, भरत आलं की बारीक व्हायचा, आणि त्या आवाजाखाली दोघींची कुजबूज चाललेली असायची. पुरुष माणसं गॅलरीत पथाऱ्या टाकून झोपलेली असायची. त्यांना ओलांडून हंडे आत यायचे.

आईने मुंबई किती पाहिली, हे मी एकदा मोजलं होतं. राणीची बाग एकदा, महालक्ष्मी एकदा, चौपाटी दोनदा. बाकीची सगळी मुंबई मोरीत आणि ओट्याशी, मामीच्या शेजारी बसून. ते दिवस फार सुखाचे होते असं ती सांगते आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. सुट्टीवरून घरी परतल्यावर ती दोन दिवस आजारी पडायची, तेही मला आठवतं.

खरं तर ही सगळी गिरणी-मुंबई अशा उतरण्यावरच उभी राहिली. घाटावरून, कोकणातून आलेले गडी एका खोलीत पंधरा-वीस जण राहायचे. रात्रपाळीचा माणूस आला की दिवसपाळीच्याने उठून जागा द्यायची, अंथरूण गार व्हायलाही वेळ नसायचा. गोव्याहून बोटीवर नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठी धोबीतलाव, माझगावच्या बाजूला गावागावांच्या कुडी, म्हणजे एकत्र राहायच्या खोल्या, होत्या. आपल्या गावच्या कुडीत गेलं की पेटी ठेवायला जागा आणि बोलायला कोंकणी मिळायची. दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा तर आजही टाटा हॉस्पिटलला आलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. या शहराकडे पैसा आला, गिरण्या आल्या, बंदर आलं, पण आलेल्या माणसाला पाठ टेकायला हातभर जागा कुणी ना कुणी काढून दिली म्हणून तो टिकला. मामी त्या काढून देणाऱ्यांपैकी होती. तिचं नाव कुठल्याच इमारतीवर लागणार नाही.

सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी सातच्या सुमारास आम्ही सीएसएमटीला पोचलो. हॉटेलात गेलो तर खोली बाराला मिळेल असं कळलं. खोल्या रिकाम्या झालेल्या नव्हत्या. नियम मला माहीत होता, पण रात्रीच्या गाडीने येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी पाच तास काय करायचं, याचा विचार बुकिंग करताना मी केला नव्हता. आई लॉबीतल्या सोफ्याच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसली, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसावं तशी. कुणाकडे उतरलं असतं तर आत्तापर्यंत हातात चहा आला असता, हे ती बोलली नाही, पण मला ऐकू आलं.

तोंडं धुऊन, सामान हॉटेलच्या ताब्यात देऊन आम्ही बाहेर पडलो. प्रजासत्ताक दिनाची सकाळ. रस्ते रिकामे, हवा गार, सिग्नलला कागदी झेंडे विकणारी पोरं. बाबा पुढे आणि आम्ही मागे. क्रॉफर्ड मार्केट ओलांडून त्यांनी आम्हाला सरदारगृहासमोर नेऊन उभं केलं. जुनी, थकलेली इमारत.

"टिळक मुंबईत आले की इथं उतरायचे," बाबा नातवाला सांगत होते, पण आवाज आईला ऐकू जाईल इतका होता. "लॉजच होतं हे. १ ऑगस्ट १९२० ला ते गेले तेही इथंच. त्यांना शेवटचं बघायला पावसात लाखभर माणूस लोटलं आणि गिरगाव चौपाटीवर त्यांना अग्नी दिला."

आई थोडा वेळ वर खिडक्यांकडे बघत राहिली. "त्यांना काय मुंबईत माणसं नव्हती?" तिने विचारलं.

"सगळी मुंबई होती," बाबा म्हणाले. "म्हणून तर."

बाराला खोली मिळाली. लहानशीच. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या. पण पांढऱ्याशुभ्र चादरी, भिंतीत एसी, टेबलावर विजेची किटली, कप आणि पुड्या. आईने आधी नळ उघडून बघितला. पाणी आलं. गरम नळ उघडला, त्यालाही आलं. तिने दोन्ही बंद केले आणि पदराला हात पुसत म्हणाली, "दिवसभर असतं?" मग पलंगावर जरा टेकते म्हणाली आणि तीन तास झोपली. माझ्या आठवणीत आई मुंबईत दुपारी झोपल्याचा हा पहिलाच दिवस.

संध्याकाळी आम्ही महापालिकेच्या इमारतीसमोर उभं राहून तिरंगी उजेडात न्हालेलं स्टेशन बघितलं. पन्नास वर्षं आई याच स्टेशनात उतरली, पण ते समोरून उभं राहून कधी बघितलं नव्हतं. तेव्हा सामान मोजायचं, पोरं धरायची आणि बस गाठायची असायची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली ही इमारत बांधायला १८७८ साली सुरुवात झाली आणि दहाएक वर्षं काम चाललं. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. घुमटाच्या टोकावर हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक घेतलेली बाई. आई त्या बाईकडे फार वेळ बघत होती. "एवढ्या वर कुणी चढवलं असेल तिला?" म्हणाली.

तेवढ्यात मामीचा फोन आला. मी शेजारीच होते. पलीकडून नेहमीचा प्रश्न आला आणि आईने माझ्याकडे बघत उत्तर दिलं, "हिच्या मैत्रिणीकडं. लई आग्रह केला तिनं." आयुष्यभर मला खरं बोलायला शिकवलेल्या बाईने रस्त्यावर उभं राहून खोटं सांगितलं आणि फोन ठेवल्यावर ती स्टेशनकडे न बघता परत चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचलाच उठून आईने दोन्ही चादरींच्या घड्या घातल्या, रात्रीचे कप विसळून पालथे घातले आणि टॉवेलने टेबल पुसलं. खोली आवरायला आलेली मुलगी दारातच थांबली. रोज कळव्याहून पहाटेची लोकल पकडून यायची. "आजी, तुम्हीच सगळं केलंत तर मी काय करू?" ती हसून म्हणाली आणि तिने पलंग पुन्हा मोकळा केला. स्वच्छ चादर एका झटक्यात हवेत उडवली. ती पलंगावर उतरेपर्यंत मुलगी पायथ्याशी पोचलेली होती. लोंबणारी कड तिने गादीखाली सरकवली, कोपऱ्याचा तिरका पदर उचलून वर धरला, खालचा भाग आत दाबला आणि वरचा पदर टाचणी मारल्यासारखा खाली आणला. पाकिटाच्या तोंडासारखी घडी. तळहाताने एकदा निपटली, बस. आई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "दुसरा कोपरा मी करते, बघ बरं येतोय का." दोनदा चुकला, तिसऱ्यांदा आला. आमच्या सोलापुरात चादरी विणतात, पण चादर अशी घालतात हे आईला कुणी दाखवलं नव्हतं. निघताना तिने त्या मुलीच्या हातात शेंगाचटणीची पुडी ठेवली. कुणाच्या घरून निघताना काहीतरी ठेवायचं असतं, ते तिने तिथेही ठेवलं.

पेंग्विन बघून झाले. २०१६ साली राणीच्या बागेत आलेले हे पाहुणे काचेपलीकडच्या गार पाण्यात मजेत होते. माझा मुलगा तिथून हलेना आणि त्याच्या मागची रांगही त्याला थांबू देईना. बाहेर आल्यावर आईने टॅक्सीवाल्याला विचारलं, "लालबागवरून घ्याल का?"

चाळीच्या जागी पत्र्याचं कुंपण होतं. आत क्रेन. फुटपाथवरची हार-फुलांची टपरी मात्र होती तिथेच होती. आई टॅक्सीतून उतरली, कुंपणाला हात लावला आणि मान वर करून दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर बघितलं. जिन्यापासून चौथी खोली जिथे होती तिथे आकाश होतं. ती एक-दोन मिनिटंच उभी राहिली असेल. मग तिथूनच फोन लावला.

"वैनी, मी काल खोटं बोलले. आम्ही हॉटेलात उतरलोय."

पलीकडे शांतता. आईने डोळे मिटले होते.

मग मामीचा आवाज आला, मलाही ऐकू येईल इतका मोठा, "कुठलं हॉटेल? पत्ता सांगा. मी येते."

बदलापूरहून सीएसएमटी म्हणजे दीड तास. चारला मामी खाली लॉबीत हजर. इस्त्रीची साडी, डोक्यात गजरा, हातात वालाच्या बिरड्याचा डबा आणि नारळाच्या वड्या. आई जिन्याने खाली धावली, लिफ्टची वाट न बघता. तिथून वर येईपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत, नुसता हात धरून होत्या. खोलीत आल्यावर आई एकदम कामाला लागली. तिच्याकडे पाहुणी आली होती. किटलीत पाणी ठेवलं. सकाळी मार्केटात घेतलेलं आलं स्टीलच्या तांब्याच्या बुडाने ठेचलं. दोन कपांना दुधाच्या पावडरच्या सहा पुड्या, साखर, चहाच्या पिशव्या बोटाने दाबून दाबून काळ्या केलेल्या. मामी उठायला लागली की आई म्हणायची, "बसा." पुन्हा उठली, पुन्हा "बसा." मामीने कप तोंडाला लावला. चहा फिकट होता, हे मला रंगावरून दिसत होतं.

"वन्सं," मामी म्हणाली, "मुंबईत मला कुणी चहा करून दिलाय असं आठवत नाही हो."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. आठवून बघितलं आणि सापडलं नाही, म्हणून सांगितलं. ४६ वर्षं तिने या शहरात माणसं उतरवून घेतली. तिला कुठे उतरायची वेळ आली ती घर रिकामं करायच्या दिवशी.

मग त्या दोघी बोलत राहिल्या. मामाचं शेवटचं दुखणं, नव्या इमारतीत किती फुटांची खोली मिळणार, बदलापूरच्या घरात सुनेला मिळेना झालेली मोकळीक. "ती चांगली आहे, पण मी सारखी तिच्या डोळ्यांसमोर. रात्री मी ओट्याशी झोपते, पहाटे तिला डबा करायचा असतो," मामी म्हणाली. बाबा नातवाला घेऊन गेटवेला निघून गेले, मुद्दामच.

साडेआठला मामी लोकलसाठी उठली. आईने दारात हात आडवा धरला. "आज राहा." कपडे नाहीत, गोळ्या नाहीत, पोरगा काळजी करेल, असं सगळं झालं. आईकडे साडी होती, गोळ्या खालच्या मेडिकलमध्ये मिळाल्या, पोराला मी फोन केला.

अडचण काउंटरवर आली. जादा गादीचे पैसे भरायला मी तयार होते, पण तिथल्या माणसाने मामीचं आधार कार्ड बघून मान हलवली. कार्डावर अजून लालबागचाच पत्ता होता, चाळीचं नाव, खोली नंबर, सगळं. "मॅडम, मुंबईचा पत्ता असला तर आम्ही ठेवून घेत नाही. लोकल आयडी चालत नाही." मला संताप आला. जी चाळ उभी नाही तिच्या पत्त्यामुळे या बाईला इथे एक रात्र झोपता येत नाही, हे मी त्याला तीन-तीनदा सांगितलं. पन्नास माणसांनी बनवलेला नियम असावा अशा थाटात तो "पॉलिसी" म्हणत होता. मामी मागून माझी ओढणी ओढत होती, "जाऊ दे गं, नऊची गाडी मिळेल." शेवटी त्याने वरिष्ठांना फोन लावला. मी जबाबदार आहे असं माझ्याकडून लिहून घेतलं आणि रजिस्टर पुढे केलं. मामीने सावकाश, शाळेतल्या अक्षरात नाव लिहिलं. "येण्याचं कारण" या रकान्यापाशी तिचं पेन थांबलं. आईने वाकून बघितलं आणि म्हणाली, "नणंदेकडं आलेय, असं लिहा."

तसंच लिहिलं.

रात्री आम्ही तिघी एका खोलीत झोपलो. बाबांना पलीकडे मुलाजवळ पाठवलं. जादा गादी खाली टाकली होती. मामी सवयीने तिच्यावरच बसली, पण आईने तिला पलंगावर ढकललं आणि स्वतः शेजारी आडवी झाली. खालची गादी मी घेतली. एसीने गारठा झाला तेव्हा आईने पिशवीतून मामीसाठी आणलेली चादर काढली, सोलापूरची, अजून घडी न मोडलेली. ती दोघींवर घातली आणि पायथ्याशी जाऊन सकाळी शिकलेला कोपरा करून बघितला. जाड चादरीचा तो नीट बसला नाही.

कधीतरी मला जाग आली. मोबाइलमध्ये चार चौतीस झाले होते. पडद्याच्या फटीतून रस्त्याचा पिवळा उजेड येत होता आणि मामी अंथरुणात उठून बसली होती. केस सुटलेले, एक पाय खाली सोडलेला.

"वन्सं," ती हळूच म्हणाली, "पाणी आलं असेल."

आईही जागीच होती. तिने अंधारात हात लांब करून मामीचा खांदा शोधला.

"येऊ दे," ती म्हणाली. "झोपा, वैनी."